शुक्रवारचे फेरे

साखरी नाट्याच्या धक्क्यावरची बर्फ फोडायची मशीन
जूनमध्ये झाकली, ती आज उघडली.
ताडपत्रीखालून दोन बेडूक निघाले
आणि मागच्या वर्षी हरवलेली बारा-तेराची पकड.
इंजिन तिसऱ्या हँडलला लागलं.
पांढरा धूर, काळा धूर, मग नुसता आवाज.

गफूरचाचा होडेकरांना आवाज येत नाही.
चाळीस वर्षं दहा हॉर्सपॉवरच्या शेजारी उभं राहून
कान संपले. अजान झाली हेसुद्धा ते
माणसं उठलेली बघून ओळखतात.
लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात,
मूठ दातांत धरतात
आणि डोळे मिटतात.
जाळी भरणारी पोरं हसतात, "चाचा मशीन खातोय."

"इंजिनाकडचं बरं हाय," चाचा म्हणतात, फार मोठ्याने.
"दात्यांकडचं गेलं गो. भातात वाळू आल्यासारखं लागतंय."

मी खरं तर वहीवर होते.
लाद्या मोजायच्या, कुठल्या होडीला किती, उधारी कोणाची.
मशीन माझ्याकडे आली,
कारण ग्रीसचे हात घेऊन घरी जायला
दुसरं कोणी तयार होईना.

मशीन झाकताना त्यांनी दोनच कामं सांगितली होती.
पट्टे उतरवून ठेव.
आणि दर शुक्रवारी चाक हाताने फिरव, दोन-चार फेरे,
नाहीतर ग्रीस तळाला बसतं,
वरच्या गोळ्या उघड्या पडतात,
खाऱ्या वाऱ्याला पत्ता सांगावा लागत नाही.

पट्टे मी उतरवले.
शुक्रवार तीन पाळले.
मग धाकट्याला ताप आला, मग विसरले,
मग आठवलं तर भरतीचं पाणी धक्क्यावर होतं,
मग लाज वाटली म्हणून गेले नाही.
हे मी चाचांना सांगितलं नाही.
दातांनी सांगितलं असावं.

जुनं बेअरिंग पुलरने ओढून काढलं,
तपकिरी, गुळाच्या ढेपेच्या बुडासारखं.
नवं राजापूरहून आलेलं, तेलकट कागदात.
चाचांनी घरून टोप आणला होता, चाचीला न विचारता.
तेलात तापवायचं, तळायचं नाही.
बाहेर काढून ओलं बोट लावायचं, चरचरलं की पुरे.
ते शाफ्टवर असं सरकलं
की जसं तिथूनच उतरवलेलं.
"ठोकायचंच झालं तर आतल्या कडीवर, पाइप लावून.
बाहेरच्या कडीवर घाव घातलास
तर गोळ्या लक्षात ठेवतात."

पट्टे तीन. भेगा एकालाच.
आडिवरेकर शेठ म्हणाले, एकच बदला.
चाचांनी ऐकलं नाही, म्हणजे खरंच ऐकलं नाही,
आणि खिळ्यावरचे तिन्ही नवे उतरवले.
नंतर मला म्हणाले, एकटा नवा घातला
तर तोच ओढतो, जुने दोन नुसते फिरायला येतात.

जाळ्याचा दोरा दोन्ही चाकांच्या तोंडावरून ताणला,
चार जागी टेकला पाहिजे.
तीन जागी टेकत होता.
इंजिन केसभर सरकवायला अर्धा तास गेला
आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख.

मग पेचकस त्यांनी माझ्या हातात दिला.
मूठ अजून ओली होती.
मी ओढणीला पुसली, दातांत धरली.
नव्या बेअरिंगचा आवाज कवटीत आला,
घागर काठाला येताना येतो तसा.
इंजिनाकडच्याला टोक लावलं.
बरं होतं.
मग थोड्या थोड्या वेळाने एक बारीक खर्र,
इतकी बारीक, की माझाच दात हलला वाटावा.

"चाचा, इंजिनाकडचं..." मी ओरडले.
ते माझ्या ओठांकडे बघत होते.
तेवढ्यात पहिली लादी आत पडली
आणि सगळा धक्का तिच्या आवाजात बुडाला.
बाहेर चार होड्या थांबलेल्या.

वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं:
इंजिनाकडचं. गणपतीच्या आधी.
खाली तारीख, आणि वार.
शुक्रवारच होता.